महाविद्यालयाच्या दारांतील पारख



पावसाळ्याच्या आरंभीं महाविद्यालयें उघडतात आणि गांवोगांवचीं मुलें-मुली सकाळच्या गाड्यांतून शहराकडे जातांना दिसूं लागतात. हुपरी, रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली या गांवांतून कोल्हापूर व इचलकरंजी येथें शिकावयास जाणाऱ्यांची संख्या आतां थोडी नाहीं. प्रवेशाची धांदल, शुल्काची जुळवाजुळव, वसतिगृहांतील जागा या गोष्टींची चर्चा घरोघर होते. परंतु प्रवेश मिळाल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यांत आणखी एक गोष्ट घडते, तिची चर्चा मात्र फारशी कोणी करीत नाहीं. नव्या विद्यार्थ्यांपैकीं कोणाचें लेखन बरें आणि कोणाचें कच्चें, हें ठरवून त्यांची वाटणी केली जाते. कोठें ती उघडपणें होते, कोठें नकळत. कोणी नेहमींच्या वर्गांत बसतो, कोणाला जादा वर्गाचा हुकूम होतो, कोणाच्या नांवापुढें ‘मंदगतीनें शिकणारा’ असा शेरा पडतो. ही वाटणी न्यायाची कशी होईल, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ भाषा शिकविणाऱ्या अध्यापकांचा नव्हे. विद्यार्थी इतिहास शिको, रसायन शिको कीं वाणिज्य शिको, त्याची परीक्षा बहुतांशीं लेखनांतूनच होते. जें समजलें तें नीट मांडतां आलें नाहीं, तर तें समजलेंच नाहीं असें धरलें जातें. १९९४ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, जिला सर्वजण ‘नॅक’ म्हणून ओळखतात, तिनें महाविद्यालयांना विचारावयाच्या प्रश्नांत हाही एक प्रश्न घातला कीं, आपण विद्यार्थ्यांची पातळी कशी पाहतां, आणि पुढें असलेल्यांसाठीं व मागें पडणाऱ्यांसाठीं निरनिराळें काय करतां. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ सालीं पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यांत भाषा व लेखन यांच्या ‘क्षमतावर्धन’ अभ्यासक्रमांना स्वतंत्र श्रेयांक दिले आहेत. म्हणजे पारख करा, असें वरून सांगितलें गेलें. ती कशी करावी, हें पुष्कळसें ज्याच्या त्याच्यावर सोंपविलेलें आहे. आणि अन्यायाला जागा मिळते ती येथेंच.

हा विषय हुपरीच्या संदर्भानें मांडण्यास कारण आहे. हुपरीचें नांव देशभर पोंचलें तें चांदीच्या दागिन्यांमुळें. पैंजण, वाळे, जोडवीं, करदोडे, घुंगरें यांचें काम या गांवांत आणि आसपासच्या खेड्यांत घरोघर चालतें. कोणी मुशींत चांदी आटवतो, कोणी तार ओढतो, कोणी घुंगरें जोडतो, कोणी डाग देतो, कोणी झिलई करतो. या धंद्यांत एक शब्द लहान मुलालाही ठाऊक असतो, तो म्हणजे ‘टंच’. शंभर भागांत शुद्ध चांदीचे भाग किती, हें सांगणारा तो आंकडा. सारा व्यवहार त्या आंकड्यावरील विश्वासानें चालतो. म्हणून तो काढण्याच्या रीतीला पारख्यांच्या जगांत कांहीं नियम लागू झाले आहेत. ते नियम आपल्या विषयाला फार उपयोगी पडण्यासारखे आहेत.

पहिला नियम नमुन्याचा. चांदींत तांबें मिसळून केलेला रस सांच्यांत थिजतो, तेव्हां लगडीच्या कडेचा आणि मध्याचा कस अगदीं एक राहतोच असें नाहीं. थंड होतां होतां घटक थोडेफार विभागले जातात. म्हणून जाणता पारखी एका कोपऱ्याचा कपचा घेऊन सबंध लगडीचा निकाल सांगत नाहीं. तो रस ढवळून नमुना घेतो, नाहींतर निरनिराळ्या जागचे नमुने घेतो. दुसरा नियम पद्धतीचा. चांदीचा बारीक फरक नुसत्या नजरेला भरंवशानें कळत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत गे-ल्यूसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें जी रीति रूढ केली, तिच्यांत चांदी नत्राम्लांत विरघळवून तींत मिठाचें पाणी मोजून घालतात, पांढरा सांका खालीं बसतो, आणि पाणी किती लागलें यावरून चांदी किती तें ठरतें. पारख्याची मर्जी तेथें चालत नाहीं. तिसरा नियम असा कीं, निकालाविषयीं शंका आली, तर टंच पुन्हां काढतां येतो, आणि तो दुसऱ्याकडूनही काढतां येतो. आणि चौथा नियम तराजूचा. माल तोलण्यापूर्वीं तराजूच खरा आहे कीं नाहीं, हें पाहिलें जातें.

विद्यार्थ्याला धातूची उपमा द्यावी, असा माझा हेतु नाहीं. उलट या दोहोंतील भेदच मला दाखवावयाचा आहे. चांदीवर चुकीचा आंकडा मारला, तरी चांदी होती तशीच राहते. पुढला पारखी ती चूक सुधारूं शकतो. माणसाचें तसें नाहीं. अठरा वर्षांच्या मुलीला पहिल्याच आठवड्यांत ‘तूं कच्ची’ असें सांगितलें, तर ती वर्गांत हात वर करीत नाहीं, प्रश्न विचारीत नाहीं, निबंध लिहावयाचा तर दुसऱ्याचा उतरून घेते. आणि वर्षाच्या शेवटीं तो आंकडा खरा ठरतो. शिक्का मारणारा म्हणतो, पाहा, माझा अंदाज बरोबर होता! म्हणून धातूच्या पारखींत जी काळजी घेतली जाते, तिच्या दुप्पट काळजी माणसाच्या पारखींत घेतली पाहिजे. प्रत्यक्षांत पुष्कळदां निम्मीही घेतली जात नाहीं.

सर्वांत सोपी वाट म्हणजे मागील परीक्षेचे गुण पाहणें. परंतु हे गुण सांगतात काय? शालान्त परीक्षेंत मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला इंग्रजी ही तृतीय भाषा असते, आणि इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्याला प्रथम भाषा. पुस्तक वेगळें, प्रश्नपत्रिका वेगळी, अपेक्षाही वेगळी. एकाचे ऐंशी आणि दुसऱ्याचे ऐंशी हे एकाच मापाचे ऐंशी नव्हेत. बारावीला पाठ्यपुस्तक सर्वांना एक होतें खरें. पण तेथें निबंध, पत्रें आणि उताऱ्यांचीं उत्तरें यांचा मासला इतका ठरीव झालेला असतो, कीं चांगल्या स्मरणशक्तीचा विद्यार्थी एकही वाक्य स्वतःचें न लिहितां बरेच गुण मिळवूं शकतो. अशा विद्यार्थ्याला गुणांवरून पुढल्या वर्गांत बसविलें, तर तोही अन्यायच होतो. कारण पहिला स्वतंत्र निबंध लिहावयाची वेळ येते, तेव्हां त्याच्या हाताशीं कांहींच नसतें. चुकीची पारख दोन्ही बाजूंनीं होते, हें येथें लक्षांत ठेवावें. एक बुडतो आणि दुसरा उगाच थांबून राहतो.

गुणांच्या मागें इतिहासही उभा असतो. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि त्याची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ सालीं झाली. त्या पहिल्या तुकडींत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. त्यांचें बालपण व आरंभींचें शिक्षण कोल्हापुरास झालें होतें. इंग्रजीच्या त्या चाळणींतून पार पडलेल्या याच रानड्यांनीं पुढें विद्यापीठांत मराठीला व इतर देशी भाषांना स्थान मिळावें म्हणून अखेरपर्यंत खटपट केली. चाळणींतून वर आलेल्या माणसानें चाळणीचीं भोकें तपासावीं, यांत त्यांचा मोठेपणा दिसतो. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतांत इंग्रजीचा आरंभ आठव्या इयत्तेपर्यंत पुढें गेला, नंतर महाराष्ट्रांत तो पांचवीवर आला, आणि २००० सालापासून पहिलीवर आला. आज महाविद्यालयांत आलेला विद्यार्थी पहिलीपासून इंग्रजी शिकला आहे असें कागदावर दिसतें. पण त्याच्या घरांतील वडील माणसें पांचवीला किंवा आठवीला इंग्रजी अक्षरें प्रथम पाहिलेलीं. घरीं विचारावयास कोणी आहे कीं नाहीं, याचा फरक गुणपत्रिकेंत लिहिलेला नसतो. चाळणी मात्र त्या फरकालाच बुद्धीचा फरक समजते.

मग पहिल्या आठवड्यांत एक चाचणी घ्यावी, असें कोणी म्हणेल. घ्यावी, पण ती वाचावयाची कशी, हा खरा प्रश्न आहे. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठानें १९७० सालीं शहरांतील माध्यमिक शाळांतून उत्तीर्ण झालेल्या सर्वांना प्रवेशाचीं दारें खुलीं केलीं. ज्यांच्या घरांत कोणी महाविद्यालय पाहिलें नव्हतें, अशीं हजारों मुलें तेथें आलीं. त्यांचे निबंध वाचून कित्येक प्राध्यापकांनीं हात टेकले. मिना शॉनेसी या अध्यापिकेनें मात्र अशा सुमारें ४,००० निबंधांचा बारकाईनें अभ्यास केला आणि १९७७ सालीं ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. चुका या बुद्धिमांद्याच्या खुणा नव्हेत. बहुतेक चुकांच्या मागें कांहीं तरी नियम असतो, आणि तो ओळखला तर त्या दुरुस्त करतां येतात, असें तिनें दाखवून दिलें.

हें आपल्याकडे तंतोतंत लागू पडतें. इंग्रजींत ‘द’ आणि ‘अ’ अशीं उपपदें आहेत. मराठींत तशीं नाहींत. मराठी मुलानें तीं गाळलीं, तर तो निष्काळजी नव्हे, तो मराठीच्या नियमानें चालला आहे. मराठींत आपण ‘त्यानें सांगितलें कीं मी उद्यां येतों’ असें म्हणतों. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतों. इंग्रजींत तेथें पुरुषही बदलतो आणि काळही बदलतो. मुलगा आपली रीति तिकडे नेतो, आणि लाल शाईचा धनी होतो. मराठी लेखनांतही हेंच घडतें. कोल्हापूरकडचा विद्यार्थी ‘गेलों होतों’ याऐवजीं ‘गेलतो’ लिहून जातो. बोलीचें रूप ग्रांथिक लेखनांत कोठें बसतें आणि कोठें बसत नाहीं, हें त्याला शिकविलें पाहिजे, यांत वाद नाहीं. पण त्या एका शब्दावरून त्याला विचार करतां येत नाहीं असें ठरविणें म्हणजे डबीवरून आंतल्या दागिन्याचा टंच सांगण्यासारखें आहे. याच्या उलट, एखाद्याचीं वाक्यें व्याकरणानें निर्दोष असतात, पण चार पानें वाचून झालीं तरी त्याला सांगावयाचें काय होतें तें कळत नाहीं. या दोघांपैकीं अधिक मदत कोणाला हवी? पहिल्याचा दोष कांहीं आठवड्यांच्या नेमक्या अभ्यासानें बराच हटूं शकतो; दुसऱ्याचा हटावयास वर्ष लागेल. नुसत्या चुका मोजणारी चाचणी मात्र पहिल्याला खालीं बसवते आणि दुसऱ्याला वर.

वाटणी करण्याची आणखी एक रीति आहे, ती माणसाच्या लेखनाकडे न पाहतां त्याच्या वर्गाकडे पाहते. विद्यापीठ अनुदान आयोगानें अनुसूचित जाति, जमाति, इतर मागासवर्ग आणि अल्पसंख्य समाज यांतील विद्यार्थ्यांसाठीं उपचारात्मक अध्यापनाची योजना चालविली. तिचा हेतु निःसंशय चांगला होता, आणि तिच्यापासून लाभ झालेले विद्यार्थी पुष्कळ असतील. पण एखाद्या महाविद्यालयांत वही न पाहतां केवळ यादी पाहून मुलांना जादा वर्गाला बसविलें, तर ज्याला गरज नाहीं त्याच्यावर शिक्का बसतो, आणि ज्याला गरज आहे पण ज्याचें नांव यादींत नाहीं तो बाहेर राहतो. मदत देतांना यादी जरूर पाहावी, कारण शतकानुशतकांचा अन्याय यादीनेंच मोजतां येतो. परंतु लेखनाची पातळी ठरवितांना वहीच पाहिली पाहिजे.

यावरून कोणी असें म्हणेल, कीं वाटणीच नको. सर्वांना एका वर्गांत बसवा, म्हणजे झालें. हें ऐकावयास समतेचें वाटतें. कोल्हापुरांत राजर्षि शाहू महाराजांची एक गोष्ट सांगतात. सर्वांना एकाच गुणवत्तेच्या मापानें मोजावें, असें म्हणणाऱ्या एका गृहस्थाला महाराजांनीं आपल्या पागेंत नेलें. एरव्हीं प्रत्येक घोड्याच्या तोंडाला त्याचा तोबरा बांधला जात असे. त्या दिवशीं महाराजांनीं सारे हरभरे एका जाजमावर पसरावयास लावले. दांडग्या घोड्यांनीं लाथा झाडीत सारे हरभरे फस्त केले, आणि अशक्त घोडीं व शिंगरें दूर उभीं राहिलीं. ज्या राजानें २६ जुलै १९०२ रोजीं आपल्या राज्यांत मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, त्याच्या तोंडीं ती गोष्ट शोभते. शंभर मुलांच्या वर्गांत एकच पाठ एकाच वेगानें शिकविणें, हेंही जाजमच होय. मात्र या गोष्टींतील दुसरी अर्धी बाजू आपण विसरतों. निराळा तोबरा बांधावयाचा तो त्यांत हरभरे घालण्यासाठीं. तोबरा निराळा आणि आंत कोंडा, अशी व्यवस्था केली तर तिला शाहू महाराजांचें नांव देतां येणार नाहीं.

माझ्या मतें न्यायाची खरी कसोटी हीच आहे. वाटणी किती काटेकोर झाली, यावर तिचा न्याय ठरत नाहीं. ज्याला वेगळें बसविलें, त्याला त्या बसण्यांतून कांहीं मिळालें कीं नाहीं, आणि तेथून उठून जाण्याची वाट मोकळी होती कीं नाहीं, यावर तो ठरतो.

याविषयीं अमेरिकेंतील अनुभव बोधप्रद आहे, कारण तेथें या गोष्टीचा आरंभ फार पूर्वीं झाला. हार्वर्ड येथें १८७४ पासून प्रवेशासाठीं इंग्रजी निबंधाची परीक्षा सुरू झाली. पुढें तेथील असंख्य महाविद्यालयांत चाचणी घेऊन नव्या मुलांना खालच्या लेखनवर्गांत घालण्याची प्रथा पडली. या वर्गांची फी द्यावी लागे, वेळ जाई, आणि पुष्कळ ठिकाणीं पदवीचे श्रेयांक मात्र मिळत नसत. कोलंबिया विद्यापीठाशीं संलग्न असलेल्या एका संशोधन केंद्रानें २०१२ सालीं या चाचण्यांची तपासणी केली. इंग्रजीची चाचणी दिलेल्यांपैकीं सुमारें एक-तृतीयांश मुलें गंभीर प्रमाणांत चुकीच्या जागीं बसलीं असावींत, आणि शाळेंतील वर्षानुवर्षांच्या कामगिरीवरून तासाभराच्या चाचणीपेक्षां अधिक चांगला अंदाज येतो, असें दिसून आलें. त्यानंतर कॅलिफोर्निया राज्यानें २०१७ सालीं कायदा करून आपल्या सार्वजनिक कम्युनिटी महाविद्यालयांना सांगितलें, कीं वर्षाच्या आंत विद्यार्थी नेहमींच्या लेखनवर्गापर्यंत पोंचेल अशी शक्यता जास्तींत जास्त ठेवा. पुष्कळ ठिकाणीं मग खालचा वर्ग बंद करून मुलांना नेहमींच्याच वर्गांत बसविलें, आणि त्याला जोडून मदतीचे तास दिले.

मिशिगन राज्यांतील ग्रँड व्हॅली विद्यापीठानें १९९६ सालीं निराळाच मार्ग धरला. दोन्ही वर्गांत काय शिकवितात, कोणाला कोणता वर्ग उपयोगी पडतो, हें विद्यार्थ्यांना नीट समजावून सांगितलें आणि निवड त्यांच्यावर सोंपविली. विद्यार्थ्याला आपल्याविषयीं कांहीं कळतें, हा विश्वास त्यांत आहे, आणि तो मला मोलाचा वाटतो. पण ही रीति जशीच्या तशी उचलणें आपल्याकडे धोक्याचें होईल. ज्या मुलीला घरीं-दारीं नेहमीं कमी लेखलें गेलें, ती आपण होऊन खालचा वर्ग निवडील. आणि ज्याला आत्मविश्वासाचें बाळकडू मिळालें आहे, तो गरज असूनही वरचा निवडील. म्हणून निवड विद्यार्थ्याची असावी, पण त्याच्या शेजारीं त्याची वही वाचलेला अध्यापक बसलेला असावा.

आतां आपल्या महाविद्यालयांनीं काय करावें, तें थोडक्यांत सांगतों. एकाच दिवशीं एकच निबंध न घेतां दोन निरनिराळ्या दिवशीं दोन लेखनें घ्यावींत : एक, दिलेला उतारा वाचून त्यावर, दुसरें, विद्यार्थ्याला स्वतः ठाऊक असलेल्या गोष्टीवर. विमानाच्या प्रवासावर निबंध सांगितला, तर हुपरीच्या मुलाची परीक्षा लेखनाची होत नाहीं, अनुभवाची होते. ‘पैंजणाची एक जोडी आरंभापासून शेवटपर्यंत कशी तयार होते’ असें विचारा. तो क्रमानें लिहील, कारणें देईल, नेमके शब्द वापरील. तें त्यानें प्रथम मराठींत लिहावें आणि मग इंग्रजींत, म्हणजे अडचण विचाराची आहे कीं भाषेची, हें अध्यापकाला कळेल. वहीवर नांव, शाळा, माध्यम कांहीं नसावें. आणि ती दोघांनीं स्वतंत्रपणें वाचावी. निकाल सांगतांना वही विद्यार्थ्याच्या हातीं द्यावी, कारण समजावून सांगावें आणि त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें. मदतीच्या वर्गाचा अभ्यासक्रम कमी नसावा, तास अधिक असावेत; परीक्षा व श्रेयांक सर्वांना एकच असावेत. चार आठवड्यांनीं पुन्हां लेखन घेऊन ज्याला हलवावयाचें त्याला हलवावें. तो वर्ग सर्वांत नवख्या अध्यापकाच्या गळ्यांत न घालतां सर्वांत अनुभवी अध्यापकाकडे द्यावा. आणि वर्षाच्या शेवटीं महाविद्यालयानें आपला तराजू तपासावा : ज्यांना आपण कच्चे म्हटलें, त्यांच्यापैकीं किती जण पुढें बरे निघाले? ज्यांना पक्के म्हटलें, त्यांतले किती अडखळले?

एवढा वेळ कोणाला आहे, हा प्रश्न येथें येणारच, आणि तो खोटा नाहीं. आपल्या महाविद्यालयांतून कितीतरी अध्यापक तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या मानधनावर शिकवितात. त्यांच्यावर आणखी ओझें लादणें सोपें नाहीं. तरीही हिशेब करून पाहूं. दोनशें विद्यार्थी, प्रत्येकाचीं दोन लेखनें, प्रत्येक लेखन दोघांनीं वाचावयाचें, म्हणजे आठशें वाचनें झालीं. एकाला पांच मिनिटें धरलीं, तर ४,००० मिनिटें, म्हणजे सुमारें ६७ तास होतात. पांच अध्यापकांनीं वांटून घेतलें, तर प्रत्येकाच्या वांट्याला तेरा-साडेतेरा तास येतात. हें काम फुकट करून घेऊं नये, त्याचा मोबदला द्यावा. पण दोनशें मुलांच्या तीन-चार वर्षांची दिशा ज्यावर अवलंबून आहे, त्या कामाला इतका वेळ जास्त झाला, असें म्हणवणार नाहीं. धडी-दोन धडी चांदी घेतांना यापेक्षां कमी काळजी कोणता व्यापारी घेतो?

कोल्हापूर जिल्ह्यांतील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक हे १९६४ ते १९६६ या काळांतील कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. समता, गुणवत्ता आणि संख्या हा भारतीय शिक्षणांतील हातीं न लागणारा त्रिकोण आहे, असें त्यांनीं १९७५ सालच्या आपल्या ग्रंथाच्या नांवांतच म्हटलें आहे. संख्या आपण पुष्कळ वाढविली, आणि ती वाढविली हें चांगलें केलें. शिवाजी विद्यापीठ १९६२ सालीं स्थापन झाल्यापासून ज्या घरांत पदवी माहीत नव्हती, त्या घरांतून पदवीधर निघाले. पण दार उघडल्यावर आंत आलेल्याला कोठें बसवावयाचें आणि बसवून काय द्यावयाचें, या लहानशा दिसणाऱ्या प्रश्नांत उरलेल्या दोन कोनांची गांठ पडते. येथें हयगय झाली, तर समता कागदावर राहते आणि गुणवत्ता ज्यांच्याकडे आधींच होती त्यांच्याकडेच राहते.

एखादी मुलगी पहिल्या वर्षाला इंग्रजींत नापास होते, ए. टी. के. टी. घेऊन दुसऱ्या वर्षाला जाते, तेथें पुन्हां अडते, आणि मग घरीं राहून घुंगरें जोडूं लागते. घुंगरें जोडण्यांत कमीपणा नाहीं; तें कसबाचें काम आहे. पण तें तिनें निवडलेलें असावें. कोणी तरी तिची वही नीट न वाचल्यामुळें तें तिच्या वांट्याला आलें असेल, तर दोष तिच्या लेखनाचा नव्हे, आपल्या वाचनाचा आहे.

माझी श्रोत्यांना एवढीच विनंति आहे. आपल्या घरांतील मुलगा किंवा मुलगी यंदा महाविद्यालयांत जात असेल, तर शुल्क आणि वसतिगृह यांच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारा : लेखनाची पारख कशावरून केली? ती वही पाहावयास मिळेल काय? आणि जादा वर्गांत बसविलें असल्यास त्यांतून बाहेर येण्याची वाट कोणती? हे प्रश्न भांडणासाठीं नव्हेत. चांदी घेतांना टंच विचारणाऱ्याला हुपरींत कोणी भांडखोर म्हणत नाहीं. महाविद्यालयाच्या दारांतही हा प्रश्न विचारण्याची चाल पडली, तर पारख करणारा अधिक सावध होईल, आणि जिची पारख व्हावयाची तिचें भय थोडें कमी होईल.